सोळा इंचांच्या पोटात

ग्रुनाविकात हिवाळ्यात ट्रक गोठलेल्या तळ्यावर उतरतात ते एका माणसाच्या शब्दावर. किनाऱ्याला सरकारी पाटी आहे, 'बर्फावर स्वतःच्या जबाबदारीवर जावे' अशी, पण तिच्यावर कावळे बसतात आणि तिला विचारत कुणी नाही. विचारायचं ते लाकी आफींना. आफी म्हणजे गावाच्या आइसलँडी बोलीत आजोबा. थॉरलाकुर हे त्यांचं पुरं नाव पाद्रीबाबांच्या वहीत तेवढं उरलं होतं. गावात सगळ्यांचे ते आफीच. एक्कावन्न हिवाळे त्यांनी शब्द दिला होता आणि एक्कावन्न हिवाळ्यांत ग्रुनाविकची एकही गाडी तळ्यानं गिळली नव्हती. तळं म्हणायचं आपलं. विनिपेग सरोवराचा पलीकडचा काठ उन्हाळ्यातही दिसत नाही. उत्तरेकडच्या दोन गावांना आपल्या बुडालेल्या ट्रकांची नावं माणसांच्या नावांसारखी पाठ होती. ग्रुनाविकला पाठ करायला काही नव्हतं, आणि याचा गावाला फार मोठा ताठा होता.

नेम असा होता, की जो शब्द देतो त्यानंच पहिली गाडी न्यायची. काच खाली, पट्टा सुटा, म्हणजे गाडी बुडालीच तर बाहेर पडता यावं, आणि वेग चालत्या माणसाएवढा. त्याच्या गाडीनं बर्फाखाली लावलेली माशांची जाळी गाठली की मग मागची माणसं.

पण आफींचे गुडघे गेले. गेले दोन हिवाळे त्यांच्याऐवजी त्यांची लेक स्वानहिल्ड, सगळ्यांची स्वाना, तळ्यावर जायची. बावन्न वर्षांची, रुंद खांद्यांची बाई, स्वतःची बारा जाळी लावणारी. ती पहार घेऊन चालायची, गिरमिटानं भोकं पाडायची, घरी येऊन बापाला सांगायची. आफी स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसून ऐकायचे, डोळे मिटायचे, आणि दुसऱ्या दिवशी गावाला शब्द द्यायचे; पहिली गाडी त्यांच्या जागी स्वाना न्यायची. स्वानाचे पाय नि आफींचं तोंड. स्वानाला कधी कुणी परस्पर विचारलं नाही. तिलाही त्याचं काही वाटायचं नाही, निदान तिनं वाटून घेतलं नव्हतं.

त्या वर्षी नाताळाला पंधरा दिवस असताना ती नातवाच्या बाप्तिस्म्याला शहरात गेली. तीन दिवसांनी, शनिवारी दिवेलागणीला परतली तर ओट्याशी आफी नव्या उत्साहानं सुक्या माशाला लोणी फासत बसलेले.

"शब्द दिला," ते म्हणाले. "उद्या चर्च सुटलं की निघायचं."

स्वानानं अंगावरचा कोटही काढला नव्हता. कुणी मोजलं, असं तिनं विचारलं. ब्रांडुरनं, आफी म्हणाले. ब्रांडुर हा शेजारच्या घरचा कोळी, चाळिशीचा, गावात सगळ्यात जास्त जाळी त्याची आणि सगळ्यात मोठा आवाजही त्याचाच. तो बर्फाची जाडी मोजायची आफींचीच आकडीची काठी घेऊन गेला होता, मैलामैलाला भोक पाडून आला होता, आणि शेवटपर्यंत त्याला सोळा इंच लागले होते. शिवाय तीन रात्री तळं गरजत होतं. खिडकीशी बसून आफींनी कानांनी ऐकलं होतं. कडाक्याच्या थंडीत जाडावणारा बर्फ असा गरजतो, तोफ डागल्यासारखा, आणि मग लांबवर शीळ घालत जातो. जो बर्फ गप्प बसतो त्याची धास्ती धरायची.

"आणि पहिली गाडी?" स्वानानं विचारलं.

ब्रांडुर चालवेल, आफी शेजारी बसतील. शब्द ज्याचा तो पहिल्या गाडीत, मग चाक कुणाच्या का हातात असेना.

स्वानानं आठवून पाहिलं, की ती शहराच्या रस्त्याला असताना इथं बर्फवृष्टी झाली होती, वारा वायव्येचा होता, आणि तीन मैलांवर यंदा बर्फाला बांध आलाय. दोन थर एकमेकांवर चढून माणसाच्या कमरेएवढा उभा राहिलेला बांध, पूर्व-पश्चिम. वाऱ्यानं आणलेलं भुसभुशीत हिम कुठं साठलं असेल, हे तिला ओट्यापाशी उभ्या उभ्या दिसत होतं.

रविवारी फटफटताच ती निघाली. स्नोमोबाईलच्या मागं ओढगाडी, ओढगाडीवर गिरमीट, पहार, आकडीची काठी आणि वाटेला खुणा लावायच्या स्प्रूसच्या फांद्या. मागं चर्चची पहिली घंटा झाली तेव्हा ती पहिल्या मैलावर होती. इथं वाऱ्यानं हिम झाडून नेलेलं. खाली काळा बर्फ, आरशासारखा. त्यात गोठलेले बुडबुडे नाण्यांच्या चवडीसारखे एकावर एक. सोळा इंच. दीड मैलावर सोळा. दोन मैलांवरही सोळा. पायाखालून गडगडत एक भेग गेली आणि तिला बरं वाटलं. पब्बींचे, तिच्या बापाचे, कान खोटं सांगत नव्हते. त्यांनी हेच ऐकलं होतं, हा बांधाअलीकडचा बर्फ.

ग्रुनाविकची मुलं दहापर्यंत मोजायला शिकायच्या आधी एक गाणं शिकतात. स्वानानं ते आईच्या मांडीवर शिकलं होतं, तिच्या लेकीनं तिच्या मांडीवर:

चार इंच काळा बर्फ, पायी चाल गड्या,
सात इंच काळा बर्फ, हलक्या घाल गाड्या,
पंधरा इंच काळा बर्फ, ट्रक घेऊन जावं,
पांढऱ्याला निम्मं धर, मग घरी यावं.

बांध ओलांडला आणि आवाज संपला. पलीकडं गुडघाभर हिम. गोधडी पांघरून झोपलेल्या मुलासारखं तळं तिथं गप्प पडलं होतं. स्वाना उतरली. हिम बाजूला सारलं, पहार दोन्ही हातांनी उचलली आणि मारली. टक्. पुन्हा टक्. चार-पाच घावांनंतर आवाज बदलला. पहार भस्सकन आत गेली, जणू भाकरीच्या पापुद्र्यातून बोट गेलं, आणि मग खाली पुन्हा कठीण लागली.

विचार करायच्या आधी तिच्या मनगटांना कळलं. हिमाच्या ओझ्यानं बर्फ दबला होता, भेगांतून पाणी वर आलं होतं, हिम भिजून त्याचा वरून पांढरा थर गोठला होता, आणि मधलं पाणी तसंच अडकून राहिलं होतं. तिनं गिरमीट लावलं. भोक पडताच पाणी काठापर्यंत आलं आणि सगळं झाकून टाकलं. तिनं आकडीची काठी सोडली, खालच्या कडेला अडकवली, ओढली. सोळा इंच. ब्रांडुर खरंच बोलला होता.

मग तिनं बाही वर केली आणि हात आत घातला. सहा इंच पांढरा, रवाळ. दोन इंच काहीच नाही, नुसता चिखलासारखा गारठा. खाली काळा, गुळगुळीत, जेमतेम आठ. नऊ ट्रक इथवर आले असते. पहिला कदाचित पार झाला असता, कदाचित नाही. आणि पहिल्यात तिचा बाप असता.

ती अर्धा मैल पुढं गेली, अर्धा मैल पश्चिमेला, पाच भोकं पाडली. पाचही तशीच. दुसरी घंटा तिला ऐकू आली नव्हती, इतकी ती लांब होती, पण सूर्य वर आला होता. तिनं यंत्र वळवलं आणि जेवढं पळेल तेवढं पळवलं.

किनाऱ्यावर नऊ ट्रक ओळीनं उभे होते, इंजिनं चालू, धुराड्यांतून पांढऱ्या वाफा. चर्चच्या कपड्यांवर जाड कोट चढवलेली माणसं हातात कॉफी घेऊन, दातांत साखरेचा खडा धरून उभी. पहिला ट्रक ब्रांडुरचा. त्यात पुढच्या बाकावर आफी, काच आधीच खाली केलेली, पट्टा सुटा, टोपी नीट बसवलेली. दोन हिवाळ्यांनंतर पहिल्यांदा ते बर्फावर निघाले होते.

हे बापाच्या कानात सांगायचं, असं तिनं येताना ठरवलं होतं. ती खिडकीशी गेली, वाकली आणि हळूच म्हणाली, पब्बी, आज नको.

आफी हसले. त्यांना वाटलं, लेक घाबरली. "कानात काय सांगतेस? तळ्याची गोष्ट सगळ्यांसमोर होते. मोठ्यानं बोल."

स्वाना ताठ उभी राहिली.

"शब्द मागं घ्या, पब्बी."

डेल्फीन, चौथ्या ट्रकची मालकीण, जिची माणसं, इथली मूळची, या काठाला पहिल्या आइसलँडर माणसाच्याही आधीपासून मासे धरत होती, तिनं आपलं इंजिन बंद केलं. एक्कावन्न वर्षांत हे वाक्य इथं कुणी बोललं नव्हतं.

"किती इंच?" आफींनी विचारलं.

"सोळा."

ब्रांडुर मोकळेपणी हसला. "मग झालं की! मी काय वेगळं सांगितलं?"

"तू बरोबर मोजलंस," स्वाना म्हणाली. "पण त्या सोळाच्या पोटात पाणी आहे. बांधापलीकडं."

यावर ब्रांडुरनं जे केलं ते ग्रुनाविकचा कुठलाही पुरुष करतो. समोर माणसं असली आणि उत्तर नसलं, की तो कवन जुळवतो. चाकावर ताल धरून त्यानं तिथल्या तिथं म्हटलं:

"सोळा इंच सोळा नव्हे, वैदीण ही आली,
बर्फाच्या पोटदुखीची नाडी हिनं धरली!"

ओळीत खसखस पिकली. कवन चांगलं होतं, स्वानालाही ते मनातून मान्य करावं लागलं. कान तापले तरी ती जागची हलली नाही. ट्रकच्या नाकासमोर उभी राहिली, हातमोजे घातलेले दोन्ही हात बोनेटवर ठेवून, बैलाच्या कपाळावर ठेवावेत तसे.

आफी मात्र हसले नव्हते. ते लेकीच्या उजव्या बाहीकडं बघत होते. खांद्यापर्यंत ती बाही भिजून गोठली होती, पत्र्यासारखी कडक.

"मला उतरवा," ते म्हणाले.

त्यांना ओढगाडीवर बसवलं, घोंगड्यांत गुंडाळलं. स्वाना पुढं, तिच्या मागं डेल्फीनचं यंत्र, आणि सगळ्यांत मागं ब्रांडुर, कारण त्याच्या मोजण्यावर बोट ठेवलं गेलं होतं. तीन मैल तळं त्यांच्याखाली गरजत होतं आणि आफींची मान त्या तालावर हलत होती. बांध ओलांडल्यावर मान थांबली.

स्वानानं पहिल्या भोकावर धरलेला पापुद्रा फोडला. आफींनी आपल्याला पालथं झोपवायला सांगितलं. त्यांचा चर्चला घालायचा कोट हिमात पसरला. त्यांनी डाव्या हातानं उजव्या हाताचा मोजा काढला, बाही वर केली. म्हातारा, पांढरा, शिरांचा हात खांद्यापर्यंत पाण्यात गेला. त्यांचे डोळे मिटलेले. ओठ हलत होते, जणू आतल्या आत कुणाशी बोलत होते. हात बराच वेळ आत राहिला, इतका की डेल्फीन म्हणाली, पुरे, आफी, हात इथंच ठेवून जायचाय का? पण त्यांची बोटं पुन्हा वर आली, पुन्हा खाली गेली.

मग हात बाहेर आला. डेल्फीननं गळ्यातला रुमाल सोडून तो खसाखसा पुसला आणि आपल्या कोटात धरला.

"ब्रांडुर," आफी म्हणाले, "तुझा घाल."

ब्रांडुर गुडघ्यांवर बसला, हात घातला. सहा इंचांपाशी त्याची बोटं आडवी आत शिरली, दुसऱ्या पेरापर्यंत. त्याचा चेहरा उतरलेला सगळ्यांना दिसला. काठीनं त्याला खालची कड दाखवली होती, वरची दाखवली होती. मधलं विचारायचं त्याला सुचलं नव्हतं. बांधाअलीकडं कधी गरजही पडली नव्हती.

परतीच्या तीन मैलांत आफी गारठलेला हात काखेत धरून ओढगाडीवर बसले होते. स्वाना यंत्र चालवत होती. तिला वाटलं, मी यांचा जीव वाचवला आणि आयुष्य मोडलं. एक्कावन्न हिवाळ्यांची माळ माझ्या हातानं तुटली. पण त्याच वेळी, आणि याची तिला लाज वाटत होती, तिच्या छातीत काहीतरी उभं राहत होतं, उन्हाळ्यात शीड भरतं तसं. पहारीचा तो भस्स आवाज गावात दुसऱ्या कुणी ओळखला असता का? तिनं ओळखला होता. हात घालायच्या आधीच.

किनाऱ्यावर माणसं वाट बघत होती. कॉफी निवली होती. आफींनी ओढगाडीवरून उतरायला कुणाची मदत घेतली नाही. पहारीला धरून उठले आणि तिच्याच आधारानं उभे राहिले.

"शब्द मागं घेतला," ते म्हणाले. "एक्कावन्न वेळा मी शब्द दिला तो मी नाहीतर माझी लेक तळ्यावरून चालून आल्यावर. या खेपेला खुर्चीत बसून दिला. शेगडीला पाठ लावून बर्फाची गोष्ट केली. तुम्ही भले, म्हणून माझं ऐकलंत."

मग ते लेकीकडं वळले. आणि ज्या सुरात गावातला माणूस चाळीस-पन्नास वर्षं त्यांना विचारत आला होता, टोपी हातात घेऊन, मान किंचित लववून, त्याच सुरात त्यांनी तिला विचारलं:

"कधी निघता येईल, स्वानहिल्ड?"

तिचं पुरं नाव त्यांच्या तोंडून तिनं कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. सगळे तिच्याकडं बघत होते. आठवडा, असं म्हणावंसं तिला वाटलं. ठामपणे काहीतरी म्हणावंसं वाटलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "बघून सांगते."

आफींच्या मिशा थरथरल्या. ते ब्रांडुरकडं वळून म्हणाले, ऐकलंस? मला हे दोन शब्द शिकायला नऊ हिवाळे लागले होते.

दुसऱ्या दिवसापासून तिनं माणसं कामाला लावली. बांधाच्या पूर्वेला, जिथं तो खचून जवळजवळ सपाट झाला होता, तिथून तिनं नवी वाट आखली. हलकी यंत्रं फिरवून हिम दाबलं, मग फावड्यांनी बाजूला सारलं, म्हणजे गोधडी निघावी आणि थंडीला आत शिरता यावं. जिथं पोटात पाणी होतं तिथं वरचा पांढरा थर फोडून पाणी उघडं केलं, की ते वरून खालपर्यंत एकजीव गोठावं. ब्रांडुर रोज सगळ्यांच्या आधी यायचा. कवनं करायचा नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं एवढंच विचारलं, की प्रत्येक भोकात हात घालायलाच हवा का. स्वाना म्हणाली, हवाच. तो घालायचा, शिव्या देत.

पारा उणे तिसावर गेला आणि तिथंच बसला. स्वाना रोज चालायची, रोज सांगायची, आज नाही. चौथ्या दिवशी कुणी पुटपुटलं. पाचव्या दिवशी पुटपुटणाऱ्याला डेल्फीननंच गप्प केलं. आफी खिडकीशी बसायचे, पण संध्याकाळी लेक घरी आली की आकडे विचारायचे नाहीत. फक्त तिची भिजलेली बाही शेगडीवरच्या दोरीवर वाळत घालायचे.

सातव्या दिवशी सकाळी तिनं सांगितलं, आज.

आफींनी कोट घातला. स्वानानं विचारलं, कुठं? तुझ्या शेजारी, ते म्हणाले. पहिल्या गाडीत एकच माणूस, ती म्हणाली. शब्द माझा, गाडी माझी. हे इतक्या सहज तिच्या तोंडून निघालं, की तिचं तिलाच नवल वाटलं. मग आफींनी कोट काढून खुंटीला लावला, पण बटणं काढताना वेळ फार लावला.

ती एकटी तळ्यावर उतरली. काच खाली, पट्टा सुटा. चालत्या माणसाच्या वेगानं, कारण वेगानं गेलं तर गाडीपुढं बर्फाखाली पाण्याची लाट उठते आणि बर्फ खालून फोडते. टायरांखाली तळं बोलत होतं, कुरकुरत, मधूनच लांब शीळ घालत. ती बांधाशी आली. नव्या वाटेवर स्प्रूसच्या फांद्या दुतर्फा उभ्या होत्या. जिथं आठवड्यापूर्वी गप्प पडलेलं तळं होतं तिथं गाडीची पुढची चाकं चढली, मागची चढली, आणि खालून एक दमदार गडगडाट आला, दूरवर गेला, परत आला. तिला एवढं मोठ्यानं हसू आलं की आपलंच हसणं तिला ऐकू आलं.

जाळ्यांपाशी पोचून तिनं किनाऱ्याकडं दिवे उघडमीट केले, मग उतरली आणि हात वर केला.

लांबून ट्रकांची ओळ हलली. तिनं सांगितलं होतं तेवढंच अंतर प्रत्येकामध्ये, दोनशे पावलं. एकानंही कमी केलं नव्हतं. मण्यांसारखे ते ओळीनं येत होते, आणि ग्रुनाविकचं सगळं गाव त्यात होतं. पहिला पोचला तो ब्रांडुर. त्याच्या शेजारी, काच खाली, पट्टा सुटा, टोपी नीट बसवलेली, आफी.

स्वाना कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पहिल्या गाडीत नको म्हणालीस," आफी आतूनच म्हणाले. "दुसरीचं काही बोलली नव्हतीस."

"माझ्याकडं बघू नकोस," ब्रांडुर म्हणाला. "घरासमोर रस्त्यात आडवे उभे राहिले. मी काय, गाडी वरून घालू?"

मग तो गंभीर झाला आणि गाडी कुठं लावायची ते विचारलं. एकाजवळ एक दोन ट्रक लावले तर ओझं एका जागी येतं. तिनं बोटानं जागा दाखवली, त्यानं लावली. मागून येणाऱ्या प्रत्येकानं तिच्यापाशी थांबून तेच विचारलं आणि प्रत्येकाला तिनं जागा दाखवली.

आफी एव्हाना उतरले होते. दोन हिवाळ्यांनंतर त्यांचे बूट बर्फावर होते. ते पाय घासून बघत होते, टाचेनं ठोकून बघत होते. मग ते मान वर करून लेकीला म्हणाले,

"आणि मी कुठं उभा राहू?"

स्वानानं सभोवार पाहिलं. तिच्या जाळ्यांच्या पहिल्या भोकाजवळ, वाऱ्याकडं पाठ येईल अशी एक जागा तिनं दाखवली.

म्हातारा गुडघे सांभाळत, पहार टेकत तिकडं निघाला आणि तिनं सांगितलं होतं बरोबर तिथं जाऊन उभा राहिला.